वाळवंटातून आलेली आजची चित्रं: ऑस्ट्रेलियातले आदिवासी कलावंत आणि गोऱ्या वसाहतकऱ्यांचे वंशज, यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नक्की कशाबद्दल आहे?

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या वाळवंटात आणि उत्तर किनाऱ्यावर गेली पन्नासेक वर्षं जी चित्रं, विणकाम, कोरीवकाम आणि शिल्पं होत आली आहेत, त्यांच्याबद्दल. यातलं बहुतेक काम ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी कलावंतांचं आहे. पण त्यांच्या शेजारी राहून, त्यांच्याकडून शिकून, कधी त्यांचंच उचलून काम करणारे गोऱ्या वसाहतकऱ्यांचे वंशजही या गोष्टीत आहेत आणि त्यांना वगळून ती पुरी होत नाही. टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांची कला इथे घेतलेली नाही. तो स्वतंत्र पानाचा विषय आहे.

‘दूर’ म्हणजे किती दूर?

ॲलिस स्प्रिंग्ज हे मध्य ऑस्ट्रेलियातलं मुख्य गाव. उत्तरेला डार्विन आणि दक्षिणेला ॲडलेड, दोन्ही साधारण दीड हजार किलोमीटरवर. पापुन्या ही वस्ती ॲलिस स्प्रिंग्जच्याही वायव्येला सुमारे २४० किलोमीटर आत आहे, किंटोर ५३० किलोमीटर पश्चिमेला, आणि किविरकुरा त्याहूनही पलीकडे, दुसऱ्या राज्याच्या हद्दीत. रस्ते बरेचसे कच्चे, पाऊस झाला की बंद. या वस्त्यांमध्ये काही शे माणसं राहतात. अशा ठिकाणांहून निघालेली चित्रं न्यूयॉर्क-लंडनच्या लिलावात जातात.

अर्थात हे अंतर कुठून मोजायचं हाही प्रश्न आहे. किविरकुराच्या चित्रकारासाठी त्याची भूमी हीच मध्यभागी असते आणि दूर असते ती सिडनी.

याची सुरुवात कुठे झाली?

ठरावीक उत्तर: १९७१, पापुन्या. उत्तर बरोबर आहे, फक्त ते फार गुळगुळीत करून सांगितलं जातं.

पापुन्या ही सरकारने वसवलेली वस्ती. पिंटुपी, लुरिचा, वॉर्ल्पिरी, अन्माटियर, अरेर्न्टे अशा वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना आपापल्या भूमीवरून आणून एका जागी ठेवायचं आणि त्यांना ‘गोऱ्यांसारखं’ राहायला शिकवायचं, हे त्या वेळचं अधिकृत धोरण होतं. पाण्याची टंचाई, रोगराई, दाटीवाटी. तिथे १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हे सिडनीचे तरुण शिक्षक रुजू झाले. मुलं वाळूत बोटांनी जी चिन्हं काढत ती त्यांनी पाहिली आणि शाळेच्या भिंतीवर चित्र काढायची कल्पना मांडली. ते काम मुलांच्या हातून लवकरच वडीलधाऱ्या पुरुषांच्या हाती गेलं. कापा जाम्पिजिन्पा आणि इतरांनी मधमुंगीच्या कथेचं मोठं भित्तिचित्र रंगवलं. त्याआधी ही कथा ज्यांच्या हक्काची होती त्यांची परवानगी घ्यावी लागली, हे लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच मुद्द्यावर येतं.

भिंतीनंतर फळ्या आल्या: टाकून दिलेली प्लायवूडं, दरवाज्यांचे तुकडे, जे मिळेल ते. त्याच वर्षी कापांना ॲलिस स्प्रिंग्जमधलं एक कला पारितोषिक विभागून मिळालं. १९७२ मध्ये कलावंतांनी स्वतःची कंपनी काढली, पापुन्या तुला. ती आजही चालू आहे आणि आजही कलावंतांच्याच मालकीची आहे. बार्डन मात्र वरिष्ठांशी झालेल्या संघर्षाने खचून १९७२ मध्येच तिथून निघून गेले. शाळेच्या भिंतीवरचं ते चित्र काही वर्षांतच प्रशासनाने रंग फासून पुसून टाकलं.

बार्डनना या चळवळीचा ‘जनक’ म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांनी रंग दिले, भिंत मिळवून दिली, चित्रं विकून पैसे आणून दिले. चित्रं तिथे आधीपासून होती, वाळूवर, अंगावर, खडकावर आणि विधींमध्ये.

त्याआधी आदिवासी चित्रकार नव्हतेच का?

होते, आणि त्यातला एक तर घराघरांत पोचला होता. अल्बर्ट नमाट्जिरा, जन्म १९०२, अरेर्न्टे समाजातले. हर्मन्सबर्गच्या लुथरन मिशनमध्ये वाढले. पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेले रेक्स बॅटरबी हे गोरे चित्रकार तिथे निसर्गचित्रं काढायला येत. १९३६ मध्ये नमाट्जिरांनी त्यांना उंटांवरून प्रदेश फिरवून दाखवला आणि बदल्यात जलरंग शिकून घेतले. १९३८ मध्ये मेलबर्नला झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रदर्शनातली सगळी चित्रं विकली गेली.

जांभळे डोंगर, पांढऱ्या बुंध्यांची गम झाडं (निलगिरीच्या जातीची). पुढच्या समीक्षकांनी ही ‘गोऱ्यांची नक्कल’ ठरवली. पण ते डोंगर त्यांच्या पूर्वजांच्या कथेतले होते. मोजकीच ठिकाणं त्यांनी पुन्हा पुन्हा का रंगवली, हे त्यावरून कळतं.

पुढचं वाचवत नाही. १९५७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नीला सरकारी ‘पाल्यां’च्या, म्हणजे सरकारच्या पालकत्वाखाली ठेवलेल्या आदिवासींच्या, यादीतून वगळलं, म्हणजे मतदान करायची आणि दारू विकत घ्यायची मुभा मिळाली. आप्तांना मात्र ती नव्हती. आप्ताला दारू दिल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली, त्यातले दोन महिने त्यांनी काढले ते याच पापुन्यात. १९५९ मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांचे कॉपीराइट सरकारी विश्वस्ताने १९८३ मध्ये ८,५०० डॉलरला विकून टाकले. ते कुटुंबाच्या न्यासाकडे परत आले २०१७ मध्ये.

त्यांचे पणतू व्हिन्सेंट नमाट्जिरा आज व्यक्तिचित्रं काढतात आणि त्यात बोचरा विनोद असतो. व्यक्तिचित्रांसाठी दिलं जाणारं, १९२१ पासून चालत आलेलं आर्चिबाल्ड पारितोषिक जिंकणारे ते पहिले आदिवासी कलावंत, तेही २०२० मध्ये. २०२४ मध्ये देशातल्या एका अतिश्रीमंत उद्योजिकेने आपलं त्यांनी काढलेलं चित्र संग्रहालयातून उतरवण्याची मागणी केली. परिणाम असा झाला की ते चित्र जगभर पाहिलं गेलं.

सगळीकडे ठिपकेच का?

सगळीकडे नाहीत. ठिपके वाळवंटातल्या ॲक्रिलिक चित्रांत. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर गेरू, चुना, कोळसा यांनी बारीक रेघांची जाळी काढतात, तिला तिथल्या काही भाषांत ‘रार्क’ म्हणतात. वायव्येकडच्या किंबर्ली भागात गेरूचे मोठे शांत सपाट भाग असतात.

वाळवंटात ठिपके अंगावर रंगवताना आणि जमिनीवरच्या विधिचित्रांत होतेच. पण कॅनव्हासभर पसरले त्यामागे आणखी एक कारण होतं. पापुन्यातल्या पहिल्या काही फळ्यांवर दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहायच्या वस्तू आणि खुणा उघड दाखवल्या गेल्या होत्या. शेजारच्या समाजांतल्या वडीलधाऱ्यांनी त्यावर जोरदार हरकत घेतली. मग चित्रकारांनी ते भाग वगळले, किंवा ठिपक्यांच्या थराखाली झाकले. डार्विनच्या संग्रहालयात सुरुवातीच्या अशा दोनशेहून जास्त फळ्या आहेत. त्यातल्या काही आजही लोकांसमोर मांडल्या जात नाहीत.

चित्रात असतं तरी काय? मला तर नुसती नक्षी दिसते.

अर्धवर्तुळ म्हणजे बसलेला माणूस (मांडी घालून बसलेल्याची वाळूत उमटणारी खूण). एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा, मुक्काम किंवा शेकोटी. वर्तुळांना जोडणाऱ्या रेघा म्हणजे प्रवासाची वाट. इतकं कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल, आणि तेवढ्यावर थांबलात तर मुख्य गोष्ट हुकेल.

पूर्वजांनी भूमीवरून प्रवास केला, वाटेत डोंगर, पाणवठे, प्राणी आणि कायदे घडवले, आणि ते अजूनही त्या जागांमध्ये आहेत. या सगळ्याला वाळवंटातल्या अनेक भाषांत जुकुर्पा म्हणतात. प्रत्येक जागेची कथा कुणाच्या तरी हक्काची असते. तो हक्क वडिलांकडून येतो, आईकडून येतो, जन्मस्थानावरून येतो. ज्याचा हक्क त्यानेच चित्र काढायचं. दुसऱ्याची कथा रंगवणं हा अपराध आहे, आणि त्याची शिक्षा पूर्वी जिवावरची असे.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन समजावं म्हणून सांगतो: हा सातबारा आहे. सुंदर दिसतो ही त्याची वरकड कमाई.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. १९६३ मध्ये ईशान्य आर्नहेम लँडमधल्या यिरकला इथे बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन देण्याचं सरकारने परस्पर ठरवलं, तेव्हा तिथल्या योलंगू या मूळ रहिवासी लोकांनी संसदेला अर्ज पाठवला. योलंगू भाषेत आणि इंग्रजीत टंकलेला कागद त्यांनी सालीवर चिकटवला आणि भोवती आपापल्या कुळांची चित्रं काढली. कागद सरकारच्या रिवाजाप्रमाणे, चौकट त्यांच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे. खाण थांबली नाही, १९७१ मध्ये कोर्टातही ते हरले. पण त्यातूनच १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा (डार्विन आणि ॲलिस स्प्रिंग्ज ज्यात येतात त्या प्रदेशाचा) भूमिहक्क कायदा आला. ते अर्ज आज कॅनबेराच्या संसद भवनात मांडलेले आहेत.

ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी १९९७ मध्ये त्याहून पुढची मजल मारली. भूमीच्या दाव्याची सुनावणी होती, आणि इंग्रजीत, वकिली पद्धतीने आपला संबंध सिद्ध करणं त्यांना जमेना. तेव्हा चाळीसहून जास्त जणांनी मिळून साधारण आठ बाय दहा मीटरचा एकच कॅनव्हास रंगवला. न्यायाधिकरणासमोर तो जमिनीवर अंथरला आणि एकेक जण आपापल्या पाणवठ्यावर उभं राहून, आपल्या भाषेत साक्ष देऊ लागला. हक्क मान्य व्हायला २००७ साल उजाडलं. तोवर त्यातले कित्येक जण गेले होते.

यिरकलाचीच आणखी एक गोष्ट. १९९६ मध्ये एका योलंगू कुळाच्या पवित्र जागी चोरून मासेमारी करणाऱ्यांचा तळ सापडला, आणि तिथे मगरीचं कापलेलं मुंडकं. मगर ही त्या कुळाची पूर्वज. उत्तर म्हणून चित्रकारांनी खाऱ्या पाण्यावरचे आपले हक्क सांगणाऱ्या ऐंशी सालचित्रांची मालिका केली. हाच लढा पुढे कोर्टात गेला. २००८ मध्ये उच्चतम न्यायालयाने निर्णय दिला की आदिवासींच्या जमिनीला लागून असलेल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं पाणीही त्यांच्याच ताब्यातलं.

सगळ्या चित्रकारांची आडनावं सारखीच कशी?

ती आडनावं नाहीत. जापाल्जारी, जाम्पिजिन्पा, जुंगुराई ही नातेसंबंधांच्या गटांची नावं. वाळवंटात असे बहुधा आठ गट असतात. पुरुषांची नावं ‘ज’ने सुरू होतात, बायकांची ‘न’ने. म्हणून जापाल्जारीची बहीण नापाल्जारी. लग्न कुणाशी जमतं, कुणाला भाऊ म्हणायचं, कुणासमोर बोलायचं नाही, हे सगळं यावरून ठरतं. पाचशे किलोमीटरवरचा अनोळखी माणूसही गट सांगितला की नात्यात बसतो. गोत्र वगैरेशी याची तुलना करायचा मोह होतो, पण रचना बरीच वेगळी आहे.

याला लोककला किंवा आदिवासी कला म्हटलं तर काय बिघडलं? ‘समकालीन’ कशाला?

कारण ती आज, आजच्या गोष्टींना उत्तर म्हणून होते. २००५ मध्ये राष्ट्रीय आदिवासी कला पारितोषिक मिळालं ते वाळवंटातल्या बायकांनी गवत विणून केलेल्या पूर्ण आकाराच्या टोयोटा गाडीला. गाडीशिवाय तिथे जगता येत नाही, तर गवताची गाडी. यिरकलाचे गुन्यबी गानांबार हे जुन्या पत्र्याच्या रस्ताफलकांवर कुळाची नक्षी कोरतात. युएंडुमू या वाळवंटातल्या वस्तीच्या वयस्क पुरुषांनी १९८४ मध्ये शाळेचे तीस दरवाजे रंगवले, कारण मुलांनी त्यावर रेघोट्या मारल्या होत्या आणि मारायच्याच तर नीट काय ते त्यांना दिसावं.

एमिली उंग्वारे यांचं उदाहरण फार दिलं जातं, पण ते टाळताही येत नाही. जन्म साधारण १९१०, ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येकडच्या युटोपिया भागात. आयुष्यभर विधींसाठी बायकांच्या अंगावर चित्रं काढली, १९७७ पासून बाटिक केलं, आणि पहिल्यांदा कॅनव्हास हाती घेतला तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तरच्या आसपास होत्या. पुढच्या आठेक वर्षांत सुमारे तीन हजार चित्रं. रताळ्यासारख्या एका कंदाच्या मुळांचं, आठ मीटर रुंद, काळ्यावर पांढऱ्या रेघांचं त्यांचं चित्र मेलबर्नला आहे. त्यांची तुलना लोक अमेरिकन अमूर्त चित्रकारांशी करतात. त्या चित्रांबद्दल एमिली काहीच ऐकून नव्हत्या. २०२५ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

इटलीत दर दोन वर्षांनी भरणाऱ्या व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियातर्फे पहिले आदिवासी कलावंत गेले ते १९९० मध्ये, रोव्हर थॉमस आणि ट्रेव्हर निकल्स. २०२४ मध्ये आर्ची मूर यांनी तिथे सर्वोच्च गोल्डन लायन मिळवला. ऑस्ट्रेलियाला तो पहिल्यांदाच मिळाला. काळ्या भिंतींवर खडूने काढलेला वंशवृक्ष, पासष्ट हजार वर्षं मागे जाणारा, आणि मधोमध पाण्यावर ठेवलेले सरकारी कागदांचे गठ्ठे, बरेचसे कोठडीतल्या मृत्यूंच्या चौकशीचे. मूर यांची आई आदिवासी, वडील ब्रिटिश-स्कॉटिश वंशाचे. म्हणजे या पानाच्या शीर्षकातले दोन्ही पक्ष त्या भिंतीवर एकाच घरात आहेत.

मग गोऱ्या वंशजांचं यात काय काम?

काही जण मदतनीस होते, काही विद्यार्थी, काही उचलेगिरी करणारे, आणि एकाच माणसाने तिन्ही भूमिका निभावल्याचीही उदाहरणं आहेत.

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण इमांट्स टिलर्स यांचं. सिडनीत जन्मलेले, आईवडील लॅटव्हियातून निर्वासित म्हणून आलेले. जगभरच्या चित्रांतले भाग घेऊन नवी चित्रं जुळवणं ही त्यांची रीत, आणि ऐंशीच्या दशकात ती फार मानली जाई. १९८५ मध्ये त्यांनी ‘द नाइन शॉट्स’ (नऊ गोळ्या) या चित्रात पापुन्याच्या मायकेल नेल्सन जागामारा यांच्या चित्रातला भाग न विचारता घेतला. न्यूयॉर्कच्या कलाजगताच्या हिशेबाने यात काही चूक नव्हती. पापुन्याच्या कायद्याने ही चोरी होती, तीही अशा मालाची जो मायकेल नेल्सन स्वतःसुद्धा कुणाला देऊ शकले नसते. १९९० मध्ये गॉर्डन बेनेट या आदिवासी वंशाच्या कलावंताने ‘द नाइन रिकोशेज’ (आपटून उलटलेल्या नऊ गोळ्या) हे चित्र काढून उत्तर दिलं. टिलर्सची गोळी टिलर्सकडेच परतवली, त्यांच्याच रीतीने. वाद गाजला. यापुढचं कमी सांगितलं जातं: २००१ पासून टिलर्स आणि जागामारा यांनी एकत्र चित्रं केली, आणि ते वर्षानुवर्षं चाललं.

सिडनीचे टिम जॉन्सन १९८० पासून पापुन्याला जात होते. त्यांनी आधी विचारलं. क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी आणि इतरांनी त्यांना ठिपके वापरायची मुभा दिली, त्यांच्यासोबत कॅनव्हासही रंगवले. तरी टीका झालीच: परवानगी एकाने दिली म्हणजे सगळ्यांनी दिली का?

मला सगळ्यात भावतं ते जॉन वुल्सली आणि मुल्कुन विर्पांडा यांचं काम. वुल्सली इंग्लंडमध्ये जन्मले, १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात आले. मुल्कुन या योलंगू समाजातल्या ज्येष्ठ बाई, त्यांनी वुल्सलींना भाऊ मानलं. विस्मरणात चाललेल्या खाद्य वनस्पती दोघांनी मिळून शोधल्या. मुल्कुननी त्या सालीवर आणि खांबांवर रंगवल्या, वुल्सलींनी लांबच लांब कागदांवर जलरंगात. एकाच कंदाची दोन चित्रं शेजारी पाहिली की कळतं, त्यांनी एकमेकांची शैली उसनी घेतलेली नाही. दोघं आपापल्या हाताने एकाच चिखलात उभे आहेत.

आणि कला केंद्रांचे व्यवस्थापक विसरू नका. वाळवंटातलं कला केंद्र बहुधा गावकऱ्यांच्या मालकीचं, पण रोजचं काम पाहणारी व्यक्ती अनेकदा शहरातून आलेली गोरी, तिशीतली. कॅनव्हास ताणायचा, रंग मिसळून द्यायचे, चित्राची कथा लिहून घ्यायची, पाठवणी करायची, आणि मधल्या वेळात म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, बँकेची कार्डं चालू करून आणायची. बहुतेक जण दोन-तीन वर्षांत थकून परततात.

मी हौस म्हणून ठिपक्यांची चित्रं काढली तर?

घरी, शिकण्यासाठी, कुणी अडवत नाही. विकू नका, ‘ॲबोरिजिनल शैली’ म्हणून मिरवू नका, आणि कुणाचं चित्र बघून त्यातल्या खुणा जशाच्या तशा उचलू नका. शाळेत मुलांकडून बूमरँगवर ठिपके काढून घेणाऱ्या शिक्षकांनाही हेच सांगणं आहे.

पैसा कुणाला मिळतो?

कला केंद्रातून विकलेल्या चित्राचा मोठा वाटा, साधारण निम्मा किंवा जास्त, कलावंताला मिळतो. उरलेल्यातून केंद्र चालतं. केंद्राबाहेर मात्र वेगळंच जग आहे. ॲलिस स्प्रिंग्जच्या मोटेलात किंवा कुणाच्या मागच्या अंगणात वयस्क कलावंतांना बसवायचं, दिवसभर चित्रं काढून घ्यायची आणि मोबदल्यात एखादी जुनी गाडी किंवा थोडी रोकड द्यायची, असे व्यापारी होते आणि आहेत. २००७ मध्ये सिनेटच्या समितीने यावर अख्खा अहवाल दिला.

दुसरी अडचण पुनर्विक्रीची. जॉनी वारंगकुला यांचं कालिपिन्पा पाणवठ्याचं १९७२ मधलं चित्र १५० डॉलरला विकलं गेलं होतं. १९९७ मध्ये ते लिलावात दोन लाख सहा हजारांना गेलं, २००० मध्ये चार लाख शहाऐंशी हजार पाचशेला. चित्रकार तेव्हा हयात होते आणि हलाखीत होते. त्यांना यातलं काही मिळालं नाही. क्लिफर्ड पॉसम यांचं १९७७ मधलं ‘वारलुगुलाँग’ एका बँकेने बाराशे डॉलरला घेऊन कॅन्टीनमध्ये टांगलं होतं. २००७ मध्ये राष्ट्रीय कलादालनाने त्यासाठी चोवीस लाख मोजले. अशा प्रकरणांमुळेच जून २०१० पासून कायदा लागू झाला: हजार डॉलर किंवा जास्त किमतीच्या पुनर्विक्रीवर कलावंताला, आणि मृत्यूनंतर सत्तर वर्षं वारसांना, पाच टक्के.

चित्रांच्या पैशाचा मला माहीत असलेला सगळ्यात चोख उपयोग डायलिसिसचा. वाळवंटातल्या वस्त्यांत मूत्रपिंडाचे आजार भयंकर आहेत. उपचारासाठी ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावं लागे, म्हणजे आपल्या भूमीपासून दूर, एकट्याने मरायचं. २००० मध्ये किंटोर आणि किविरकुराच्या स्त्री-पुरुषांनी चार मोठे सामूहिक कॅनव्हास रंगवले. सिडनीत लिलाव झाला, इतर देणग्या धरून दहा लाख डॉलरवर रक्कम जमली. २००४ मध्ये किंटोरमध्ये डायलिसिसचं यंत्र सुरू झालं. ‘पर्पल हाउस’ नावाने ओळखली जाणारी ती संस्था आज दूरदूरच्या अनेक वस्त्यांत ही सेवा देते.

गोरे मदतनीसच चित्रं रंगवतात असं वाचलं. खरं का?

२०२३ मध्ये एका राष्ट्रीय वृत्तपत्राने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका कलावंत संघाबद्दल तसा आरोप केला. सोबत एक चित्रफीतही होती. कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने त्या भागातल्या कलावंतांचं ठरलेलं मोठं प्रदर्शन पुढे ढकललं. प्रदर्शनातल्या चित्रांची स्वतंत्र चौकशी झाली आणि ती चित्रं ज्यांच्या नावावर आहेत त्यांचीच असल्याचा निष्कर्ष निघाला.

वाद तेवढ्याने मिटला नाही. पण एक विसंगती बोचते. शहरातल्या नामवंत गोऱ्या कलावंताच्या स्टुडिओत चार सहायक राबले तर कुणी भुवई उंचावत नाही. आदिवासी आजीबाईंच्या कॅनव्हासवर कुणी पार्श्वभूमीचा रंग लावला तर ती बातमी होते. दुसऱ्या बाजूने, ज्या कलेचा सगळा भार ‘हक्क कुणाचा’ यावर आहे तिथे हात कुणाचा हे विचारलं जाणारच.

सिडनीच्या दुकानांतले बूमरँग, मॅग्नेट, टी-शर्ट अस्सल असतात का?

पुष्कळसे नाहीत. २०२२ च्या एका सरकारी अहवालानुसार अशा भेटवस्तूंपैकी निम्म्याहून जास्त आदिवासींनी केलेल्या किंवा त्यांच्या परवानगीच्या नसतात. इंडोनेशियात बनवलेला माल ‘हस्तनिर्मित, ॲबोरिजिनल’ म्हणून विकल्याबद्दल एका कंपनीला २०१९ मध्ये तेवीस लाख डॉलरचा दंड झाला. आणि उचलेगिरी सरकारलाही वर्ज्य नव्हती. १९६६ च्या एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी यांचं सालचित्र होतं. त्यांना विचारलंच नव्हतं. बोभाटा झाल्यावर हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीची पेटी देऊन भरपाई झाली.

वारलीशी याचं काही नातं आहे का?

रक्ताचं नाही, पण वाटा एकमेकींना छेदून गेल्या आहेत. बार्डन पापुन्यात होते जवळपास त्याच काळात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर फिरत होते, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांच्या हाती कागद आला. तिकडेही आणि इकडेही विधीतलं चित्र भिंतीवरून, जमिनीवरून सुटलं आणि विकता येईल अशा पृष्ठभागावर आलं. फरक असा की वारलीत लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत आणि बाजारातलं नाव पुरुषांचं झालं. पापुन्यात आधी पुरुष आले, बायकांनी आपल्या कथा मोठ्या प्रमाणावर रंगवायला घेतल्या त्या नंतर, आणि मग त्या पुढे निघून गेल्या.

१९८९ मध्ये पॅरिसला ‘मॅजिशियन्स द ला तेर’ हे जगभरच्या शंभर कलावंतांचं प्रदर्शन भरलं. जिव्या सोमा म्हशे त्यात होते, मध्य प्रदेशातले गोंड चित्रकार जनगड सिंह श्याम होते, आर्नहेम लँडचे जॉन मावुर्नजुल होते, आणि युएंडुमूच्या सहा पुरुषांनी तिथे जमिनीवर मातीचं विधिचित्र केलं होतं. त्यांच्या मागच्या भिंतीवर ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी चिखलाचं प्रचंड वर्तुळ काढलं. अनेकांना ते खटकलं: कुणाच्या डोक्यावर कोण? याच लाँग यांनी २००३ मध्ये वारली प्रदेशात येऊन म्हशेंच्या सोबतीने काम केलं आणि दोघांचं प्रदर्शन जर्मनीत झालं.

मुलाकडे ऑस्ट्रेलियाला चाललो आहोत. कुठे बघायला मिळेल?

मेलबर्नला फेडरेशन स्क्वेअरमधली नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाची (एनजीव्ही) इमारत आणि सिडनीला आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्स. दोन्हींच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. कॅनबेराला गेलात तर राष्ट्रीय कलादालनातलं ‘ॲबोरिजिनल मेमोरियल’ चुकवू नका: आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग भागातल्या कलावंतांनी १९८८ मध्ये, वसाहतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, उभे केलेले दोनशे रंगवलेले पोकळ ओंडके. असे ओंडके तिथे मृतांच्या अस्थी ठेवायला वापरतात. एका वर्षाला एक. त्यांच्यामधून वाट काढत चालता येतं.

जमल्यास ऑगस्टमध्ये डार्विन गाठा. आदिवासी कला मेळा आणि राष्ट्रीय पारितोषिकांचं प्रदर्शन एकाच सुमारास असतं. ॲलिस स्प्रिंग्जला दरवर्षी ‘डेझर्ट मॉब’ भरतं, तिथे वाळवंटातली कला केंद्रं स्वतः येतात. थेट वस्त्यांवर जायचं तर बऱ्याच ठिकाणी आधी परवाना लागतो, आणि कुणाच्या घरी सुतक असेल तर गाव बंद असू शकतं. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. संग्रहालयांत, संकेतस्थळांवर तशी सूचना लावलेली दिसेल.

विकत घ्यायचं असेल तर?

कला केंद्राकडून किंवा त्यांचा माल ठेवणाऱ्या दालनातून घ्या. सोबत प्रमाणपत्र मिळतं: कलावंताचं नाव, वस्ती, केंद्र, चित्राचा क्रमांक, कथा. विक्रेत्याने ‘इंडिजिनस आर्ट कोड’वर, म्हणजे आदिवासी कलेच्या व्यापाऱ्यांच्या आचारसंहितेवर, सही केली आहे का हे विचारा. कलावंताला किती मिळतात हेही विचारा. खरा विक्रेता या प्रश्नाने रागावत नाही. फक्त ‘कलावंत चित्र काढतानाचा फोटो’ दाखवून भाव वाढवणाऱ्यापासून जपून राहा, असे फोटो परसातल्या कारखान्यांतही काढले जातात.

लाखांची गरज नाही. वाळवंटातल्या बायकांच्या गवताच्या टोपल्या, यिरकलाची छापचित्रं, युएंडुमूचे छोटे कॅनव्हास शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास मिळतात. कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळून दिला की विमानात हातसामानात बसतो. सालचित्र आणायचं असेल तर विचार करा: ती साल आहे, दमट हवेत वाकते, आणि मुंबईच्या जूनमध्ये तर नक्कीच. तीस वर्षांहून जुनं, ठरावीक किमतीच्या वरचं काम देशाबाहेर न्यायला ऑस्ट्रेलियन सरकारचा परवाना लागतो, त्यामुळे जुनं काही स्वस्तात मिळत असेल तर कागदपत्रं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.